नसलेल्या हाताचे दुखणे

लोकायत या नास्तिक दर्शनाच्या नावावर एक गोष्ट सांगितली जाते आणि हरिभद्रसूरीच्या ‘षड्दर्शनसमुच्चय’ या ग्रंथावरील टीकाकारांनी ती मोठ्या रसाने नोंदविली आहे. कोणा एका नास्तिक गृहस्थाची पत्नी फार श्रद्धाळू होती. शास्त्रीपंडित अनुमानाने जे सिद्ध करतील ते प्रमाण, असा तिचा समज होता आणि तो काही केल्या ढळत नव्हता. तेव्हा हा गृहस्थ एका रात्री तिला बरोबर घेऊन गावाबाहेर गेला आणि वेशीकडून आत येणाऱ्या रस्त्याच्या धुळीत त्याने आपल्या बोटांनी लांडग्याच्या पावलांचे हुबेहूब ठसे उमटविले. सकाळी ते ठसे पाहून गावातील बहुश्रुत मंडळी जमली, आणि रात्री रानातून लांडगा आला होता याविषयी तिळमात्र शंका नाही, असा निवाडा त्यांनी देऊन टाकला. जे इंद्रियांना प्रत्यक्ष गोचर होते तेवढेच खरे, बाकीचा सगळा पंडितांच्या कल्पनेचा पसारा, हा पाठ बायकोच्या गळी उतरविण्यास त्याला याहून अधिक खटपट करावी लागली नाही.

गोष्ट चतुर आहे. परंतु ती रचणाऱ्याच्या नजरेतून एक बाब निसटली, असे मला वाटते. लांडगा नव्हता हे कबूल. पण त्या सकाळी एखाद्या मेंढपाळाने कळप वाड्याबाहेर काढला नसेल, एखाद्या आईने पोराला अंगणातून ओढून आत घेतले असेल आणि तिच्या छातीत धडधड उठली असेल, तर त्या भीतीचे काय करावयाचे? तिला रंग नाही, वजन नाही, ती चिमटीत धरता येत नाही. ज्या लांडग्याची ती भीती, तो तर मुळात अस्तित्वातच नाही. तरीही दरवाजे लागले असतील ते भीतीनेच लागले असतील. भावना जिच्याविषयी असते ती वस्तू खरी आहे काय, हा एक प्रश्न. ती भावना स्वतः खरी आहे काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न एकाच दाव्यात गोवले गेले म्हणजे पहिल्याचा निकाल विरुद्ध लागताच दुसराही आपोआप निकालात निघाला असे समजले जाते, आणि भावनांना खोटे ठरविणाऱ्या युक्तिवादांपैकी पुष्कळसे या एकाच गोंधळावर उभे आहेत.

या दोन प्रश्नांची फारकत नीट पाहावयाची असेल तर प्रेम, अभिमान किंवा विषाद यांसारख्या तरल भावनांपेक्षा शारीरिक वेदनेचा दाखला अधिक उपयोगी पडतो, कारण वेदनेला ठिकाण असते. दाढ दुखते, गुडघा दुखतो. कोठे दुखते असे वैद्याने विचारले तर रोगी बोट ठेवून दाखवितो. आता हे ठिकाणच जगातून नाहीसे झाले आणि दुखणे मात्र मागे उरले, तर काय म्हणावे?

रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथात एका मुलीची हकीकत दिली आहे. तिच्या हाताला दुर्धर व्याधी जडली होती, आणि शस्त्रवैद्य आला की तिने घाबरू नये म्हणून तिचे डोळे बांधून ठेवीत. पुढे मांस सडत वर चढू लागले, तेव्हा कोपरापर्यंत हात कापून काढणे भाग पडले. पण ही गोष्ट तिला कळू नये म्हणून त्या जागी कापडाच्या घड्या अशा खुबीने बांधल्या की हात गेल्याची तिला दाद नव्हती. त्यानंतर कित्येक दिवस ती मुलगी, आता या बोटात कळ येते, आता त्या बोटात येते, अशी तक्रार करीत राहिली. ती खोटे बोलत होती असे म्हणण्यास तिळभरही जागा नाही. खोटे बोलण्यासाठी जे ठाऊक असावे लागते तेच तिला ठाऊक नव्हते. देकार्तने यावरून अनुमान काढले ते असे की, हातापासून मेंदूपर्यंत जाणारे मज्जातंतू आता कोपराशी तुटले असले तरी तेथे त्यांची चाळवाचाळव पूर्वीसारखीच होते, आणि हाताची वेदना म्हणून जी आपण जाणतो ती हातात जाणली जातच नाही. मेंदू आणि आत्मा यांचा सांधा कोठे जुळतो याविषयीची त्याची पुढची कल्पना आज कोणी मानीत नाही; परंतु त्या मुलीची साक्ष अद्याप कोणाला मोडता आलेली नाही.

दोन शतकांनंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि बंदुकीच्या गोळ्यांनी हातपाय गमावलेल्यांची संख्या हजारांच्या घरात गेली. फिलाडेल्फिया शहरात मज्जातंतूंना इजा झालेल्या शिपायांसाठी टर्नर्स लेन नावाचे रुग्णालय होते. तेथे काम करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टराने, गेलेला पाय खाजतो, गेलेल्या हाताची मूठ आवळली जाऊन नखे तळव्यात रुततात, अशा हकीकती इतक्या ऐकल्या की हा भ्रमिष्टांचा प्रलाप नव्हे अशी त्याची खात्री पटली. गंमत अशी की हा विषय त्याने लोकांपुढे प्रथम मांडला तो शास्त्रीय निबंधाच्या रूपाने नव्हे. १८६६ साली ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात त्याने एक निनावी कथा लिहिली; तिचा नायक दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेला लष्करी वैद्य. आपल्या व्यवसायबंधूंचा यावर विश्वास बसणार नाही या धास्तीने मिचेलने हा आडमार्ग पत्करला असावा, असा तर्क पुढील अभ्यासकांनी केला आहे. पण वाचकांनी कथेवर विश्वास ठेवला, आणि तो जरा जास्तच ठेवला. काहींनी त्या अभागी नायकासाठी वर्गणीची रक्कम पाठविली, काही तर त्याची विचारपूस करावयास निघाले. नायक काल्पनिक, पैसे खरे. पुढे १८७१ साली मिचेलने आपल्या नावानिशी लेख लिहून या आभासी अवयवांना वैद्यकाच्या परिभाषेत कायमची जागा मिळवून दिली.

पुण्यास वानवडीकडे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, सुरू झाले. तेथे किंवा अशा कोणत्याही संस्थेत लाकडी अथवा रबरी पायाचे माप द्यावयास बसलेल्या माणसाला हे प्रकरण समजावून सांगण्याची जरुरी पडत नाही. गेलेल्या अवयवाची काही ना काही जाणीव अवयव गमावलेल्यांपैकी बहुतेकांना असते, आणि त्यांतील पुष्कळांना ती दुःखद असते.

अशा दुखण्यावर औषध तरी कोठे चोळावयाचे? १९९० नंतरच्या दशकात, मूळचे तमिळनाडूचे आणि कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे संशोधन करणारे विलयनूर रामचंद्रन यांनी यावर जो उपाय योजला तो साधेपणाने चकित करणारा आहे. एका खोक्यात त्यांनी उभा आरसा बसविला आणि रोग्याला आपला शाबूत हात आरशाच्या एका बाजूस असा ठेवावयास सांगितला की त्याचे प्रतिबिंब बरोबर गेलेल्या हाताच्या जागी दिसावे. मग रोग्याने शाबूत हाताची मूठ उघडली की आरशात दुसरी मूठही उघडताना दिसे, आणि वर्षानुवर्षे आवळून बसलेली, नसलेल्या हाताची मूठ सैल झाल्याचा अनुभव काही रोग्यांना येई. सगळ्यांना नव्हे, हेही सांगितले पाहिजे. हे कसे घडते याविषयी एकमत नाही. हाताकडून येणारे संदेश बंद पडल्यावर मेंदूतील त्या मुलखावर चेहऱ्याच्या शेजारी मुलखाने अतिक्रमण केलेले असते, असा रामचंद्रन यांचा सिद्धांत. तर हाताचा नकाशा मेंदूत जसाच्या तसा शिल्लक राहतो असे अलीकडील काही संशोधक म्हणतात. आपल्या मुद्द्याला या वादाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. नसलेल्या हाताची वेदना प्रतिबिंबातल्या हाताने शमते, म्हणजे रोगही अमूर्त आणि औषधही जवळपास अमूर्तच. तरी रात्रभर तळमळणारा माणूस झोपी जातो ही गोष्ट मात्र अगदी मूर्त आहे.

याच्या उलट बाजूचाही दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने गंभीर जखमा झालेल्या सैनिकांची विचारपूस केली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जखमींना वेदनाशामक औषध मागण्याइतके दुखत नव्हते. मागे परतण्याचा परवाना त्या जखमेने मिळाला होता आणि मरणाच्या तोंडातून आपण सुटलो ही जाणीव जखमेवर मात करीत होती, असा अर्थ बीचरने त्याचा लावला. येथे हाडामांसाची जखम डोळ्यांना दिसते आणि वेदना नाही. तेथे वेदना आहे आणि हाडमांसच नाही. तेव्हा दिसणाऱ्या वस्तूवरून वेदनेच्या खरेपणाची मोजदाद करू पाहणारा माणूस दोन्हीकडे तोंडघशी पडतो.

विश्वासाची गोष्ट तर याहून नवलाची. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघा संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग केला. औषध म्हणून नुसते निरुपद्रवी द्रव्य टोचले तरी, आपल्याला औषध मिळाले या भरवशावरच काही रोग्यांचे दुखणे कमी होते, हे पूर्वीपासून माहीत होते. यांनी त्यापुढे जाऊन नॅलॉक्सोन नावाचे, अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम रोखणारे द्रव्य दिले, तेव्हा भरवशाने उतरलेले दुखणे पुन्हा वाढले. शरीर स्वतःच अफूच्या जातीची द्रव्ये तयार करते हा शोध त्याआधी तीनच वर्षे लागला होता. त्यावरून तर्क निघाला तो असा की, विश्वासाने शरीरातील त्या द्रव्यांचे भांडार उघडले होते आणि नॅलॉक्सोनने त्याला कुलूप घातले.

या ठिकाणी एक आक्षेपक हमखास उठतो आणि म्हणतो, ‘मग तर प्रश्नच मिटला! भावना म्हणून निराळे काही नाही. आहे ते सगळे रसायन.’ हा आक्षेप ऐकावयास मोठा शास्त्रीय वाटतो, पण त्यात एक छुपी घाई आहे. एखाद्या गोष्टीचे कारण सापडले म्हणजे ती गोष्ट रद्द झाली, हा कायदा आपण इतरत्र कोठे लावतो? ज्वराचे जंतू सापडले म्हणून ज्वर खोटा ठरला नाही. उलट ‘तुझा ज्वर मनाचा खेळ आहे’ असे म्हणण्याची कोणाची टाप राहिली नाही. वेदनेच्या मागे मज्जातंतू, मेंदू आणि द्रव्ये सापडत गेली, त्या प्रत्येक शोधाने वेदनेच्या अस्तित्वाचा पुरावा वाढविला आहे. हे शोध लागण्यापूर्वी त्या मुलीची वेदना कमी खरी होती असेही कोणी म्हणणार नाही.

माझ्या मते सगळा घोटाळा एका गृहीतकाचा आहे: खरे तेवढे सगळे वस्तुरूपच असले पाहिजे, आणि वस्तू म्हटली की ती दगडासारखी हातात धरता आली पाहिजे. आपल्याकडच्या वैशेषिकांनी हे गृहीतक फार पूर्वी बाजूला सारले होते, आणि वैशेषिक म्हणजे काही जगाला माया म्हणणारे लोक नव्हेत. परमाणू मानणारे, बाह्य जगाला ठाम खरे मानणारे ते दर्शन आहे. त्यांनी पदार्थांची जी व्यवस्था लावली तीत द्रव्य निराळे आणि द्रव्याच्या आश्रयाने राहणारे गुण निराळे. दोन्ही सारखेच खरे. त्यांचा सूत्रकार कणाद याने १७ गुण सांगितले. रूप, रस, गंध, स्पर्श, संख्या, परिमाण यांच्याच पंक्तीला त्याने बुद्धी, सुख, दुःख, इच्छा, द्वेष आणि प्रयत्न यांना बसविले. पुढचा भाष्यकार प्रशस्तपाद याने त्यांत ७ गुणांची भर घालून २४ केले, आणि त्या सातांत गुरुत्व, म्हणजे साधे वजन, आहे. याचा अर्थ असा की दुःखाची नोंद गुणांच्या या यादीत वजनाच्याही आधी झालेली होती. सुख-दुःख आत्म्याच्या आश्रयाने राहतात, मन या अंतरिंद्रियाने ज्याची त्याला ती प्रत्यक्ष होतात, दुसऱ्याला ती अनुमानानेच कळतात, आणि ती क्षणिक आहेत: एवढा सगळा तपशील त्यांनी दिला, पण क्षणिक म्हणून ती खोटी, असे कोठेही म्हटले नाही. आजच्या वाचकाला आत्मा मान्य नसेल तर त्याने आत्म्याच्या जागी जिवंत शरीर किंवा मेंदू घालावा. व्यवस्थेला त्याने धक्का लागत नाही. वेदना ही वस्तू नव्हे, ती कोणाची तरी अवस्था आहे. तेव्हा ती कोठे ठेवली आहे असे न विचारता ती कोणाची, कशाने उत्पन्न झाली आणि तिने काय घडविले, असे विचारावे.

या मताचे सुबोध सार सांगणाऱ्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांची आवृत्ती मुंबईत १८९७ साली निघाली. योगायोग असा की त्याच साली लंडनमधील एका न्यायाधीशापुढे हाच प्रश्न अगदी निराळ्या वेषात उभा राहिला होता. त्याची पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात रेल्वेच्या फाटकवाल्याने हयगयीने एका घोडागाडीला रूळ ओलांडू दिला. गाडी धडधडत आली, घोडागाडी केसभराने वाचली, आतील बाईला मात्र असा धसका बसला की तिची प्रकृती पार ढासळली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८८८ साली निकाल मिळाला तो भरपाई नाकारणारा. आगगाडीचा स्पर्श झाला नव्हता, आणि नुसत्या धसक्याचे नुकसान कायद्याच्या हिशेबात धरावे तर खोट्या दाव्यांना ऊत येईल, अशी कौन्सिलला भीती वाटली. न्यायाधीशांनाही भीती वाटते आणि तीही निकाल फिरविते, हे या निकालात अनायासे नमूद झाले आहे.

त्यानंतर ९ वर्षांनी आलेल्या खटल्यात, एका इसमाने निव्वळ थट्टा म्हणून लंडनमधील एका मद्यगृहाच्या मालकिणीला सांगितले की तुझ्या नवऱ्याला अपघात होऊन त्याचे दोन्ही पाय मोडले आहेत. नवरा धडधाकट होता. बाईला मात्र उलट्या सुरू झाल्या, ती कित्येक आठवडे अंथरुणाला खिळली आणि तिची मती शाबूत राहते की नाही अशी धास्ती पडली. न्यायमूर्ती राइट यांनी तिला १०० पौंड देवविले. अपघात नव्हता, मोडलेले पाय नव्हते, कोणी कोणाला हात लावला नव्हता. लोकायताच्या धुळीतल्या लांडग्याहून ही बातमी काडीइतकीही अधिक खरी नव्हती. धसका मात्र खरा ठरला, आणि त्याची किंमतही ठरली.

इंग्रज न्यायपीठाला हे जड गेले याचे मराठी माणसाला थोडे नवल वाटावे, कारण अमूर्ताचा दस्तऐवज करण्याची आपल्या मुलखातील रीत जुनी आहे. मराठेशाहीत पाटीलकीचे वतन निम्मे विकले जाई तेव्हा खरेदीखतात जमीन आणि हक्क यांच्याबरोबर मानपानाचीही वाटणी लिहिली जाई: पोळ्याला कोणाचे बैल आधी निघावेत, होळीची पोळी कोणी आधी बांधावी, पानविडा कोणाला पहिला, कागदावर कोणाचे नाव वर आणि ‘निशाणी नांगर’ कोणाचा. या मानाला ना लांबी ना रुंदी. पण त्यासाठी गोतसभा बसत, महजर होत आणि भाऊबंदांचे कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालत. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील मुलकी पाटीलकी संपली, सनदा निव्वळ कागद उरल्या. पोळ्याच्या दिवशी पहिली जोडी कोणाची, यावरून भांडणे त्यानंतरही झालीच.

फौजदारी कायद्यानेही या बाबतीत दिवाणीहून फार मागे राहणे पसंत केले नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४४ व्या कलमात इजा म्हणजे काय ते सांगताना शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता ही चारही एका ओळीत घेतली होती, आणि २०२३ च्या न्यायसंहितेनेही ती व्याख्या सोडलेली नाही. मात्र व्याख्येत मनाला जागा देणे निराळे आणि दुसऱ्याच्या मनात काय घडले हे कोर्टात शाबीत करणे निराळे. वेदनेचे सोंग घेता येते हे खरेच आहे. पण खोटी नाणी पाडली जातात ती खऱ्या नाण्यांना किंमत असते म्हणूनच. तेव्हा सोंगाच्या शक्यतेने प्रश्न उरतो तो केवळ पुराव्याचा.

तो पुरावा कसा तोलावा याचा एक निवाडा न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात दिला. पुण्याकडील एका दांपत्याचा तो वाद होता. पत्नीच्या वागणुकीने आपला छळ झाला म्हणून पतीने इतर मागण्यांबरोबर न्यायालयीन विभक्तीही मागितली होती. त्या वेळच्या हिंदू विवाह कायद्याची कसोटीच मुळी अशी होती की, जोडीदाराबरोबर राहणे आपल्याला अपायकारक होईल अशी वाजवी धास्ती अर्जदाराच्या मनात उत्पन्न झाली पाहिजे. म्हणजे न्यायालयाला शोधावयाची होती ती एक भावना. चंद्रचूडांनी सांगितले की येथे फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा मागावयाचा नाही, कोणत्या बाजूची शक्यता अधिक हे पाहावयाचे. आणि एखाद्या आदर्श पतीला किंवा आदर्श पत्नीला काय वाटले असते हे न पाहता, समोर उभ्या असलेल्या या पुरुषाला आणि या स्त्रीला काय वाटले ते पाहावयाचे. या मोजमापाने छळ शाबीत झाला.

तरीही पतीचे अपील फेटाळले गेले. छळ सोसल्यानंतरही त्याने सहजीवन पूर्ववत चालू ठेवले होते, आणि त्या वर्तनावरून त्याने पत्नीला क्षमा केली होती असे न्यायालयाने मानले. कायद्याच्या दृष्टीने क्षमा केलेल्या अपराधावर दाद मागता येत नाही. क्षमेचे कोणतेही खत झाले नव्हते, तिला साक्षीदार नव्हता, कदाचित ती तोंडाने उच्चारलीही गेली नसेल. आणि तरी शाबीत झालेल्या दुःखाचा दावा तिने खारीज केला. अशी क्षमा सशर्त असते, अपराध पुन्हा घडला तर मूळ तक्रार पुन्हा जिवंत होते, हेही निकालात तपासले गेले. क्षमेनंतरचे पत्नीचे वर्तन तितके गंभीर नाही असे ठरले, आणि क्षमा कायम राहिली.